आतली कड

आठ दहाला निघालं तर गांधीनगरचा सिग्नल दोनदा लागतो आणि आठ वीसला निघालं तर चारदा, म्हणून माधुरी आठ दहाला निघायची. मुलुंडहून मरोळपर्यंत. मागच्या सीटवर साडेतीन वर्षांची गंधाली, तिच्या हातात तूप-गुळाच्या पोळीची सुरळी, आणि त्यातला गूळ सीटवर सांडणार हे ठरलेलं. माधुरी मरोळच्या एका प्रयोगशाळेत होती. कारखान्यांतून आलेली जाडी मोजायची साधनं, कॅलिपर आणि मायक्रोमीटर, खरा आकडा दाखवतात की नाही ते तपासायचं आणि तसा दाखला द्यायचा, हे तिचं काम. प्रयोगशाळेमागच्या गल्लीत पाळणाघर होतं. मायलेकी सकाळी बरोबर जात, संध्याकाळी बरोबर येत, आणि दिवसातले ते पावणेदोन तासच काय ते दोघींचे असत. त्यात गंधालीला सगळं विचारायचं असे. सिग्नलला लाल हो असं कोण सांगतं, पूल रात्री कुठे झोपतो, आई, तू लहान होतीस तेव्हा मी कुठे होते.

गाडी जुनीच होती, पण माधुरीच्या घरात आलेली पहिली. सासरे अंबादास महापालिकेतून निवृत्त झालेले. त्यांनी गाडी दारात आली त्या दिवशी बुद्धाच्या तसबिरीला हार घातला, पेढे वाटले आणि लिंबू-मिरची घेऊन आलेल्या पोऱ्याला गेटवरूनच परत पाठवलं. हे आपल्याकडे चालत नाही, असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. सासू सुंदराबाई परत जाणाऱ्या पोऱ्याकडे बघत होत्या.

ऑगस्टमधली एक संध्याकाळ. परतताना लिंक रोडवर पवईचा तलाव डाव्या हाताला येतो. तिथे फुटपाथच्या कडेला पाणी साचलं होतं आणि त्याखालचा खड्डा दिसला नाही. पुढचं डावं चाक असं आदळलं की माधुरीचे दात एकमेकांवर वाजले.

"आई, पडलं," गंधाली म्हणाली.

पाण्याची बाटली पडली असेल असं माधुरीला वाटलं. मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या. ती थांबली नाही.

दुसऱ्या दिवसापासून गाडी ओढायला लागली. फार नाही. रिकाम्या रस्त्यावर स्टेअरिंग जरा सैल धरलं की गाडी हळूच लेन सोडायची, झोपेत कूस बदलावी तशी. सरळ जायचं तर स्टेअरिंग तिरकं धरावं लागे. नवरा चैतन्य ऐरोलीला पाळीत कामाला, त्याने पोळी खाता खाता निकाल दिला. "खड्ड्यात आदळली ना? मग अलाइनमेंटची वाट लागली. दाखवून घे. लांबवू नकोस हां, टायर खाते."

मुलुंडच्याच एका गॅरेजवाल्याने अर्ध्या तासात गाडी परत दिली. स्टेअरिंग आता नाकासमोर सरळ होतं. गाडी मात्र पहिल्यासारखीच ओढत होती. तीन आठवड्यांनी पंक्चर काढताना टायर उतरवला, तेव्हा दिसलं की डाव्या टायरची बाहेरची बाजू नव्यासारखी आहे आणि आतली कड पार गुळगुळीत झाली आहे. एका ठिकाणी आतल्या तारा दिसायला लागल्या होत्या. पंक्चरवाल्याने तारांवरून बोट फिरवून विचारलं, की मॅडम गाडी कोल्हापूरला रोज जाऊन येते काय. माधुरीने मीटर बघितला. खड्ड्यात आदळल्यापासून आठशे चाळीस किलोमीटर झाले होते.

त्याच आठवड्यात पाळणाघराच्या फ्लेविया मॅडमनी तिला आत बोलावून दार लावून घेतलं. गंधाली दुपारी फाटकाबाहेर सापडली होती, दोन गल्ल्या ओलांडून, मोठ्या रस्त्याच्या दुभाजकावर. रडत नव्हती, हरवल्यासारखीही दिसत नव्हती. एका टेम्पोवाल्याने खाली उतरून हात धरला म्हणून वाचली. फ्लेविया मॅडमनी सांगितलं की ही दुसरी वेळ आहे, पहिल्या वेळी फाटकातच धरली म्हणून बोलले नाही, आणि तिसऱ्यांदा झालं तर मी जबाबदारी घेणार नाही.

गाडीत बसल्यावर माधुरीने मागे वळून विचारलं, "कुठे चालली होतीस, बाळा?"

"तिकडे," गंधालीने बोट दाखवलं आणि दुसऱ्या हाताने नाक पुसलं.

"तिकडे काय आहे?"

पोरीने विचार केला. खरंच विचार केला, कपाळाला आठी घालून. मग मान हलवली. तिला माहीत नव्हतं.

त्या रात्री माधुरीने पोरीला झोपवलं आणि तिचे बूट पुसायला घेतले. डाव्या बुटाचा तळवा आतल्या कडेला झिजून कापड दिसत होतं. उजवा धड होता. बूट घेऊन अडीच महिनेही झाले नव्हते.

मरोळ गावठाणात रोझारिओचं अलाइनमेंटचं दुकान होतं. साठीचा माणूस, गळ्यात क्रूस, कानामागे पेन्सिल. प्रयोगशाळेतली माणसं त्याच्याकडेच जात, कारण तो हातावरच्या आकड्यावर विश्वास ठेवत नसे, दुसऱ्यांदा मोजत असे. शनिवारी दुपारी गंधालीला पाळणाघरात ठेवून माधुरी एकटीच त्याच्याकडे गेली.

त्याने गाडी रॅम्पवर घेतली, चारी चाकांना पत्रे लावले. पडद्यावर चाकांचे कोन उमटले, जवळजवळ सगळे लाल. तो स्टेअरिंगपाशी गेला, मधलं झाकण काढलं आणि हसला. ते हसू काही बरं नव्हतं.

"बाय, कोणी फसवला तुला. चाकं वाकडी ती वाकडीच ठेवलीन. नुसता स्टेअरिंग काढून एक दात फिरवून परत बसवलान. तुला सरळ दिसला, तू खूश."

कामाच्या ओघात त्याने तिला सगळं समजावलं. गाडी एका बाजूला ओढायला लागली, सरळ रस्त्यावर स्टेअरिंग तिरकं राहिलं, टायर एकाच कडेला झिजला, की अलाइनमेंट करायचं. खड्ड्यात जोरात आदळली किंवा नवे टायर घातले तरी करायचं, त्रास दिसला नाही तरी. चाकं एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून जराशी वळलेली असली की टायर नुसता गोल फिरत नाही, प्रत्येक फेऱ्याला थोडा घासत जातो. केसाएवढा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण रस्ता तो विसरत नाही. माधुरीला हे बोलणं आवडलं. तिचं सगळं आयुष्य केसाएवढ्या फरकात गेलं होतं.

गाडीखाली वाकलेला रोझारिओ मध्येच थांबला. डाव्या चाकामागच्या दांड्याला काळा दोरा गुंडाळलेला होता, जाड, सात-आठ वेढे. टोक तुटलेलं.

"इथे चप्पल बांधली होती?"

माधुरी नाही म्हणाली. आमच्याकडे असलं करत नाहीत.

"कोणीतरी बांधली होती. नजरेला बांधतात. फाटकी बांधतात, जिच्यात परत कोणाचा पाय जायचा नाही अशी." त्याने दोरा कापून खिशात टाकला.

तासाभराने पडद्यावर सगळे आकडे हिरवे झाले. चर्चकडे जाणारा सरळ रस्ता शनिवारी मोकळा असतो. तिथे त्याने गाडी पळवली आणि दोन्ही हात स्टेअरिंगवरून उचलून मांडीवर ठेवले. गाडी आखल्यासारखी सरळ गेली. परत येतानाही सरळ.

माधुरी पाळणाघरातून गंधालीला घेऊन निघाली आणि पहिल्याच वळणानंतर गाडी ओढली.

ती तशीच रोझारिओकडे परतली. त्याला पटेना. तोच रस्ता, तोच वेग, तेच मांडीवर ठेवलेले हात. फक्त मागे गंधाली होती, गुळाचा हात सीटला पुसत. जाताना गाडी उजवीकडे गेली. येताना डावीकडे. त्याने चार फेऱ्या मारल्या. मग दुकानासमोर गाडी उभी करून इंजिन बंद केलं आणि उतरला नाही.

"चाकाचा दोष असला तर गाडी जाताना-येताना एकाच बाजूला जाते," तो समोर बघत म्हणाला. "रस्त्याच्या उताराचा असला तर नेहमी डावीकडे, कडेला. ही जाताना एकीकडे, येताना दुसरीकडे. बाय, ही बाजू बघून ओढत नाही. जागा बघून ओढते."

त्याने पैसे घेतले नाहीत. पोरीला चॉकलेट द्यायला मागे वळला आणि न देताच उतरला.

माधुरीने घरी येऊन फोनवर नकाशा उघडला. ती घाबरली नव्हती, किंवा घाबरण्याआधी जे करायचं ते करत होती. गंधालीला तिने गच्चीवर नेलं, डोळे मिटून चाल म्हणाली, खेळ म्हणून. पाच वेळा पोर एकाच कठड्याशी गेली. ती रेघ माधुरीने नकाशावर ओढली. दुसरी रेघ मरोळहून, पोरीने बोट दाखवलं तशी. दोन्ही रेघा पवई तलावाच्या काठावर एकमेकींना छेदत होत्या, ऑगस्टमधल्या त्या खड्ड्याजवळ.

आई, पडलं.

स्वयंपाकघरात सुंदराबाई भाकऱ्या थापत होत्या. बाहेर अंबादास बातम्या बघत होते, म्हणून माधुरीने आवाज खाली ठेवला. "आई, गाडीला काय बांधलं होतं?"

सुंदराबाईंचा हात परातीतच थांबला. बाहेरच्या खोलीकडे बघून त्या कुजबुजल्या. साऱ्या सोसायटीने खिडक्यांतून गाडी बघितली होती, त्यांना राहवलं नाही. गाडी धुणाऱ्याला सांगून गुपचूप बांधून घेतला. गंधालीचा बूट. लाल, पीं पीं वाजणारा, डाव्या पायाचा.

माधुरीला तो बूट आठवला. अकराव्या महिन्यात पोरीने सोफ्यापासून दारापर्यंत पहिली सात पावलं टाकली ती त्या बुटांत. प्रत्येक पावलाला पीं. सातव्याला पोर स्वतःच्याच आवाजाला हसून खाली बसली होती.

"जुनी फाटकी चप्पल का नाही बांधलीत?"

"फाटकी चप्पल काय राखणार गं?" सुंदराबाईंना खरंच नवल वाटलं. "पहिल्या पावलाचा बूट होता. त्यात जीव असतो लेकराचा."

जोडीतला उजवा बूट त्यांनी डब्यातून काढून दिला. माधुरीने तो ऑफिसात नेऊन तळवा मोजला. सहा पूर्णांक चाळीस मिलिमीटर, आत आणि बाहेर सारखाच. बूट हरवला असेल तर सापडला की संपलं, असं तिने स्वतःला सांगितलं. हे सांगताना ती काय कबूल करते आहे याचा विचार तिने केला नाही. सोमवारपर्यंत पाळणाघराच्या फाटकाला फ्लेविया मॅडमनी दुसरी कडी लावली होती, उंच, मोठ्यांच्या हाताला लागेल अशी. गंधालीने सारी दुपार त्या फाटकाशी डोकं टेकून काढली, असं त्यांनी सांगितलं. कपाळावर गजांच्या दोन लाल रेघा उमटल्या होत्या.

संध्याकाळी माधुरीने तलावाशी गाडी कडेला घेतली. गंधालीला उतरवलं आणि तिचा हात न धरता तिच्यामागे चालली.

पोर इकडेतिकडे न बघता गेली. भेळवाला गेला, फुगेवाला गेला, ती थांबली नाही. पुढे मक्याची कणसं भाजणारीचा गाडा होता. त्याच्या चाकापाशी पोतं अंथरून दीड वर्षाचं मूल बसलं होतं. गंधाली त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि त्याच्या पायाकडे बघत राहिली.

एका पायात निळी सँडल होती, दुसऱ्यात लाल बूट.

गाडेवाली रेणुका, जालन्याकडची. बावीस-तेवीस वर्षांची असेल, कपाळावर घाम आणि राख. माधुरीने दोन कणसं घेतली आणि बुटाचा विषय काढला. रेणुका खुलली. रस्त्यावर सापडला, म्हणाली, खड्ड्याच्या पाण्यात. धुऊन मीराला घातला. "लेकरू उभंच राहत नव्हतं, ताई. दीड वरीस झालं तरी. दवाखान्यात म्हणले, पायात जोर नाही, बघू. अन् हा बूट घातला अन् दुसऱ्या दिवशी चालली. एकाच बुटावर. मी तर रडले."

मीरा उठून उभी राहिली होती. गाड्याला धरून ती दोन पावलं चालली. लाल बुटाची शिट्टी पाण्याने बिघडली होती. पीं नाही, नुसती हवा निघाल्याचा आवाज येत होता.

माधुरीने पिशवीतून नवे बूट काढले. बूट कुणाच्या तरी पायात असणार हे धरून ती तयारीनेच आली होती. पाऊल टाकलं की दिवे लागणारे, त्याच मापाचे. अदलाबदल करू या म्हणाली, हा आमच्या मुलीचा आहे, आठवण म्हणून हवा आहे. रेणुका अडखळली. नव्या बुटांकडे तिने बघितलं, मग लेकीच्या पायांकडे. "ह्याच्यातच चालती हो ती. राहू द्या ना."

"नव्यातही चालेल," माधुरी म्हणाली.

ती खाली वाकली आणि स्वतःच मीराचा पाय हातात घेतला. पाय गरम होता, निखाऱ्यांच्या धगीने. बूट घट्ट बसला होता, ओढावा लागला. मीरा रडली नाही. तिने फक्त माधुरीच्या केसांना हात लावला, पोरं लावतात तसा.

घरी जाताना भांडुपच्या मोकळ्या पट्ट्यात माधुरीने स्टेअरिंगवरून बोटं सैल केली. गाडी सरळ गेली. मागे गंधाली झोपली होती, तोंड उघडं, मान एका बाजूला. किती आठवड्यांनी पोर अशी झोपली होती. माधुरीला रडू आलं, ते तिने सिग्नलपर्यंत थांबवून ठेवलं.

बूट तिने कपाटाच्या आतल्या कप्प्यात ठेवला आणि कुलूप लावलं. ठेवण्याआधी मोजला. आतली कड चार पूर्णांक दहा.

पुढचे दिवस चांगले गेले. गंधाली पाळणाघरात गाणी शिकली, फाटकाकडे बघेनाशी झाली. नवे बूट दोन्ही बाजूंनी सारखे झिजत होते. रोझारिओला दाखवायला तिने पोरीसकट गाडी नेली. त्याने फेरी मारली, सरळ आहे म्हणाला, आणि काय केलंस ते विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी माधुरीने बूट सहज म्हणून पुन्हा मोजला. तीन पूर्णांक ब्याऐंशी. आपली चूक असेल असं वाटून तिने तीनदा मोजला. मग वहीत तारीख घातली आणि रोज मोजायला लागली. कुलपातला बूट दिवसाला दोन शतांश मिलिमीटर झिजत होता, आतल्या कडेने.

त्याच सुमाराला रेणुकाचा गाडा तलावाकाठच्या जागेवरून हलला. आधी आयआयटीच्या फाटकापाशी दिसला. चार दिवसांनी त्याच्या पुढे. माधुरीने काच खाली केली नाही. पण एका संध्याकाळी गाड्या अडकल्या आणि गाडा बरोबर तिच्या खिडकीशी आला. रेणुकाने ओळखलं, धावत आली.

मीरा चालायची बंद झाली होती. नव्या बुटांत उभीच राहिना. रांगते, म्हणाली रेणुका, पण एकाच बाजूला रांगते, रस्त्यात उतरते, पोलीस शिव्या देतात. गाडा त्या बाजूला थोडा पुढे आणला की दोन दिवस शांत बसते. मग पुन्हा. तिने हात लांब केला, थेट मुलुंडच्या दिशेने. "तिकडं काय हाय हो, ताई?"

गाड्याच्या पायाला केशरी ओढणी बांधली होती. तिचं दुसरं टोक मीराच्या कमरेला होतं. गुडघे सोलवटून काळे झाले होते.

"तो जुना बूट द्या ना," रेणुका म्हणाली. "तुमची लेक तर मोठी झाली. तिला कशाला लागतो?"

माधुरीने उद्या आणते म्हणून सांगितलं. आणि आणला. हे तिच्या बाजूने सांगायला हवं. रात्रभर जागून तिने ठरवलं, सकाळी बूट पर्समध्ये घातला, आणि संध्याकाळी गाडी कडेला घेऊन तो रेणुकाच्या हातात ठेवला. रेणुकाने तिथेच मीराला घातला. मीराने गाड्याचं चाक धरलं आणि उठली. उभी राहिली. सोललेल्या गुडघ्यांनी ताठ उभी राहून हसली.

माधुरी गाडीत बसली. इंजिन चालू केलं, ब्रेक सोडला.

स्टेअरिंग तिच्या हातात फुटपाथकडे फिरलं.

मागे पट्ट्याचा खटका सुटल्याचा आवाज आला. गंधाली सीटवर उभी होती, फुटपाथच्या बाजूच्या दाराशी, हात कडीवर. गाडी चालायला लागली होती.

"बस खाली," माधुरी ओरडली.

"मला तिकडे जायचंय," गंधाली म्हणाली, शांतपणे, आणि कडी ओढली.

दाराला मुलांचं कुलूप होतं. दार उघडलं नाही. पोर कडी ओढतच राहिली, पुन्हा पुन्हा, चेहऱ्यावर कसलाही भाव नसताना.

माधुरी उतरली. रेणुका अजून हसतच होती, लेकीकडे बघत. माधुरीने वाकून मीराच्या पायातला बूट काढला.

"चुकून दिला," ती म्हणाली. "हा आमचा आहे."

रेणुकाला आधी ती थट्टा वाटली. मग तिने माधुरीचं मनगट धरलं. माधुरीने ते सोडवून घेतलं, एक-एक बोट उलगडून.

मीरा उभी होती ती बसली. पडली नाही, बसली.

त्यानंतर माधुरी रोज आठ दहालाच निघायची. संध्याकाळी गाडा दिसायचा, आणि दर दोन-तीन दिवसांनी तो थोडा पुढे आलेला असायचा. गांधीनगरच्या पुलाखाली. मग डावीकडे वळून, कांजूरच्या बस स्टॉपपाशी. मग भांडुप. सुंदराबाईंना तिने काही सांगितलं नाही. चैतन्यने एकदा विचारलं, रोज रात्री कपाट उघडून काय मोजतेस यार, तर ऑफिसचं काम आहे म्हणाली. गंधाली रोज सकाळी केस विंचरून घेताना पाय हलवत गाणं म्हणायची. त्या पायांकडे बघितलं की माधुरीला जे करायचं ते पुन्हा करता यायचं.

बूट तीन पूर्णांक चोपन्नवर आला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भांडुपच्या सिग्नलला गाडा उभा होता. निखारे विझलेले. केशरी ओढणी गाड्याच्या पायालाच होती, गाठ तशीच. दुसरं टोक रस्त्यावर पडलं होतं, आणि त्या टोकाच्या फाशाचीही गाठ तशीच होती, सुटलेली नव्हती. फाशात मात्र कुणी नव्हतं.

रेणुका थांबलेल्या प्रत्येक गाडीच्या काचेवर हात आपटत होती. हाताने उंची दाखवत होती, गुडघ्याएवढी. तिने माधुरीची गाडी बघितली आणि पळत यायला लागली.

सिग्नल हिरवा झाला.

माधुरीने गाडी काढली. स्टेअरिंग सरळ होतं, दोन बोटांनी धरलं तरी पुरेल इतकं.

"ती हरवली?" गंधालीने विचारलं.

"नाही," माधुरी म्हणाली. "सापडेल."

घरी आल्यावर तिने पोरीला वरण-भात भरवला, झोपवलं, पांघरूण घातलं. मग कपाट उघडलं. बुटाच्या तळव्याच्या खाचांत ओला चिखल होता, आणि चिखलात मक्याच्या कणसाचा एक पिवळा केस.

कॅलिपर शून्यावर आणून तिने मोजलं. तीन पूर्णांक दहा. काल तीन पूर्णांक चोपन्न होतं.

रबर दाबलं की दबतं, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने जबडे नुसते टेकवले, बुटासकट कॅलिपर टेबलावर ठेवला आणि हात काढून घेतले.

आकडा थांबला नाही. शेवटचा अंक एकेकाने खाली उतरत होता, दमानं, पावलं टाकावीत तसा.